कोणत्या शब्दावर किती मेहनत घ्यायची? नवी भाषा शिकायला बसलेल्यांसाठी शब्दसंग्रहाची ओळख

‘अनुषंगाने’ हा शब्द तुम्हाला येतो का? वाचताना भेटला तर तुम्ही अडखळणार नाही, कोणाला अर्थही विचारणार नाही. पण गेल्या वर्षभरात तो तुमच्या तोंडून कितीदा बाहेर पडला? आता ‘कासावीस’ घ्या. हा ऐकला की कळतो, आणि प्रसंग आला तर आपण बोलतोही. आणि ‘तरीही’? तो दिवसातून दहादा बोलता, पण कोणी ‘याचा अर्थ सांग’ म्हटले तर डोके खाजवाल. तिन्ही शब्द मराठी, तिन्ही तुम्हाला ‘येणारे’, पण येण्याची तऱ्हा तिघांची निराळी.

नवी भाषा शिकताना नेमका हाच फरक आपण विसरतो. वही काढायची, डावीकडे परका शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज वीस शब्द, असा सपाटा लावायचा. महिनाभरात वहीत सहाशे शब्द जमतात, आणि समोरच्याने ‘उशीर का झाला?’ एवढे विचारले तरी एक धड वाक्य सुचत नाही. मग आपण स्मरणशक्तीला दोष देतो. माझ्या मते स्मरणशक्तीचा यात फारसा दोष नसतो. सगळ्या शब्दांना एकाच मापाने मेहनत वाटून दिली, तिथे गणित चुकलेले असते. काही शब्द घोटून घोटून जिभेवर आणावे लागतात, काहींची नुसती तोंडओळख पुरते, आणि काहींना बिनदिक्कत सोडून द्यायचे असते. शब्दांचे प्रकार समजून घ्यायचे ते यासाठी, परीक्षेत व्याख्या लिहिण्यासाठी नव्हे.

पुढच्या पायऱ्या कोणत्याही भाषेला लागू पडतात. उदाहरणे मात्र मी बरीचशी मराठीतून घेणार आहे. शब्द आतून कसा चालतो हे आपल्याला याच भाषेत नीट तपासता येते.

पायरी १ : ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द वेगळे करा

ऐकले किंवा वाचले की कळतात ते ओळखीचे शब्द. बोलताना, लिहिताना आपण होऊन सुचतात ते वापरातले. पाठ्यपुस्तकांत पहिल्यांना ग्रहणात्मक किंवा निष्क्रिय आणि दुसऱ्यांना अभिव्यक्तीचा किंवा सक्रिय शब्दसंग्रह म्हणतात. ‘निष्क्रिय’ हे नाव मला पटत नाही. ऐकताना मेंदू काही झोपलेला नसतो. म्हणून या लेखात साधी नावे वापरते.

ओळखीच्या शब्दांचा साठा वापरातल्या शब्दांपेक्षा नेहमीच मोठा असतो. मातृभाषेतही. त्यामुळे ‘मला समजते पण बोलता येत नाही’ ही तक्रार म्हणजे आजार नाही. दोन साठ्यांमधले अंतर प्रमाणाबाहेर वाढले, तर मात्र बघायला हवे.

हीच वाटणी आणखी बारीक केली की चार कप्पे होतात: ऐकण्याचे, बोलण्याचे, वाचण्याचे आणि लिहिण्याचे शब्द. मूल आधी ऐकते, मग बोलते, वाचणे-लिहिणे पुष्कळ नंतर येते. मोठेपणी पुस्तकातून शिकणाऱ्याचा क्रम उलटा होतो. त्याचा वाचण्याचा कप्पा फुगतो आणि कान उपाशी राहतात. इंग्रजीत ‘कर्नल’ या हुद्द्याचे स्पेलिंग अक्षरशः वाचले तर ‘कोलोनेल’ असे काहीतरी होते. ज्याने तो शब्द फक्त डोळ्यांनी शिकला, त्याच्या कानावर ‘कर्नल’ पडले तरी ओळख पटत नाही. आणि ज्याने फक्त ऐकला, तो कागदावर त्यालाच परका समजून पुढे जातो. मराठीत हा त्रास कमी असला तरी आहेच: ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘म्हातारपण’ या अर्थाचा ‘जरा’ लिहायला सारखे, पण दोन्हींतला ‘ज’ वेगळा. म्हणून नवा शब्द पहिल्याच दिवशी कानांनीही ऐकायचा. ध्वनिमुद्रण नसलेला शब्द वहीत घ्यायचाच नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. कडक वाटतो, पण फायदा झाला.

आता हातातले काम. शिकत असलेल्या भाषेतला एक परिच्छेद घ्या आणि पेन्सिल. अनोळखी शब्दाखाली टिंब, ओळखीच्या शब्दाखाली रेघ, आणि जो शब्द या महिन्यात तुम्ही स्वतः बोललात किंवा लिहिलात त्याभोवती गोल. रेघा भरपूर आणि गोल तुरळक दिसले, तर नवे शब्द गोळा करणे काही दिवस थांबवा. तुमचे काम रेघांचे गोल करण्याचे आहे. टिंबेच टिंबे दिसली, तर मजकूर तुमच्यासाठी फार अवघड आहे, सोपा घ्या.

आणि इथून पुढे प्रत्येक नव्या शब्दाला एक प्रश्न विचारा: हा मला बोलायचा आहे, की समजला तरी भागेल?

पायरी २ : कोणते शब्द आधी?

कोणत्याही भाषेतला भरपूर मजकूर घेऊन शब्द मोजले की दिसते, मूठभर शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि हजारो शब्द एखाददुसऱ्यांदा तोंड दाखवून गायब होतात. अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचा ढोबळ नियम मांडला. सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द जितक्यांदा येतो, त्याच्या साधारण निम्म्याने दुसऱ्या क्रमांकाचा शब्द येतो, एक-तृतीयांशाने तिसऱ्या क्रमांकाचा, आणि अशी उतरंड पुढे चालू राहते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पहिल्या हजार शब्दांवरची मेहनत सर्वांत जास्त फळते. पुढच्या प्रत्येक हजाराला कष्ट तेवढेच, फळ मात्र कमी कमी.

वारंवारतेनुसार शब्दांचे चार थर मानता येतात.

पहिला थर रोजच्या शब्दांचा. इंग्रजीसाठी मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यानंतर नव्या याद्या आल्या, पण दोन हजारांचा हा टप्पा आजही नवशिक्यासाठी चांगला अंदाज देतो. या थरातले शब्द नुसते ओळखून चालत नाहीत, ते वापरातच यावे लागतात. घाम गाळायचा तो इथे.

दुसरा थर अभ्यासाच्या शब्दांचा: ‘निष्कर्ष’, ‘घटक’, ‘परिणामी’, ‘संदर्भ’ अशा जातीचे. ते घरात फारसे बोलले जात नाहीत, पण इतिहासाचे पुस्तक असो की रसायनशास्त्राचे, सगळीकडे भेटतात. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली इंग्रजीतल्या अशा शब्दांची ५७० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब) निवडून काढली. त्या भाषेत शिक्षण घ्यायचे किंवा अहवाल लिहायचे असतील तर हा थर आवश्यक. प्रवासापुरती भाषा हवी असेल तर सध्या राहू द्या.

तिसरा थर ज्याच्या त्याच्या विषयाचा. परिचारिकेचे शब्द वेगळे, सुताराचे वेगळे. गंमत म्हणजे हे शब्द अवघड दिसतात, पण त्या धंद्यातल्या माणसाला पटकन येतात, कारण वस्तू आणि कल्पना आधीच हातातल्या असतात. फक्त नवे नाव चिकटवायचे असते. तुमच्या कामाचे पन्नास शब्द पहिल्याच महिन्यात शिका. बोलायला विषय मिळतो, आणि तोंड उघडण्याची भीड चेपते.

चौथा थर उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे अफाट. यांतला शब्द भेटला की संदर्भावरून अंदाज बांधायचा आणि पुढे जायचे. पुन्हा पुन्हा भेटायला लागला तर तो तुमच्यापुरता वरच्या थरात आला असे समजा.

आता थोडे गणित. ३०० शब्दांच्या पानावरचे ८० टक्के शब्द तुम्हाला येत असतील तर ६० शब्द अनोळखी राहतात. अशा पानाचे वाचन होत नाही, उत्खनन होते. ९८ टक्के येत असतील तर अनोळखी फक्त ६; तेवढ्यांचा अंदाज आजूबाजूच्या शब्दांवरून लागतो. न्यूझीलंडमधले अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला की इंग्रजी कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे या ९८ टक्क्यांच्या पातळीवर वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात, आणि बोलणे समजायला ६,००० ते ७,०००. आकडे ऐकून वही मिटू नका. नऊ हजार शब्द येईपर्यंत थांबायचे नाही. आजच्या साठ्यात ९८ टक्के बसतील असा मजकूर शोधायचा. मुलांची पुस्तके, शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टी यासाठीच असतात. मोठ्या माणसाला त्या वाचताना संकोच वाटतो, तो गिळावा.

पायरी ३ : चिमुकल्या शब्दांची यादी करू नका

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शाळेत शिकवतात. शिकणाऱ्याने त्यांचे दोनच ढीग करावेत. नाम, विशेषण, क्रियापद यांचा एक. यात रोज भर पडते, नवी वस्तू आली की नवे नाम येते. सर्वनामे, शब्दयोगी, उभयान्वयी अव्यये यांचा दुसरा. हा जवळजवळ बंद ढीग आहे. ‘आणि’ला स्पर्धक म्हणून नवे उभयान्वयी अव्यय कोणी बाजारात आणत नाही.

या दुसऱ्या ढिगातले शब्द आकाराने छोटे, संख्येने थोडे, आणि अर्थ सांगायला महाकठीण. ‘मी जाते’, ‘मीच जाते’, ‘मीही जाते’, ‘मी जाते ना’, ‘मी जाते तर!’ यांतला फरक मराठी माणसाला क्षणात कळतो, पण ‘च = अमुक’ असे वहीत लिहून कोणाला शिकवता येईल? असे शब्द वाक्यातच शिका. एका शब्दाची चार-पाच वाक्ये मोठ्याने म्हणा, जीभ वळली की अर्थ मागून येतो.

पायरी ४ : एक शब्द म्हणजे नक्की किती?

‘मला तीन हजार शब्द येतात’ असे कोणी म्हणाले की मी विचारते, मोजले कसे? करतो, केले, करून, करणारा, करवून घेणे हे पाच शब्द की एक? म्हणूनच वर ‘शब्दकुटुंब’ म्हटले. मूळ शब्द आणि त्याला उपसर्ग-प्रत्यय लागून झालेली त्याची भावंडे मिळून एक कुटुंब. घर, घरचा, घरगुती, घरकुल, घरपण, बेघर, घरोघर: एक मूळ हाती लागले की बाकीची मंडळी ओळखीची होतात.

मराठी शिकणाऱ्या परभाषकाला ‘घोड्याला’ हा शब्द कोशात सापडत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी ‘घोडा’चे ‘घोड्या’ झालेले असते. तुम्ही शिकत असलेल्या भाषेतही अशी काहीतरी खोच असणारच. ती पहिल्या आठवड्यात समजून घ्या, नाहीतर एकच शब्द दहा वेगवेगळ्या वेषांत भेटतो आणि दहादा अनोळखी वाटतो.

साधित शब्दांचे वेडही लावून घ्या. जर्मनमध्ये हातमोज्याला ‘हांटशू’ म्हणतात. ‘हांट’ म्हणजे हात, ‘शू’ म्हणजे बूट, हाताचा बूट! एकदा हसू आले की शब्द जन्मात विसरत नाही. पण इथे एक धोका आहे. उपसर्गांवरून शब्द ओळखता येतो, स्वतः बनवता येईलच असे नाही. नकार दाखवायला मराठीत अ, बे, गैर, ना, बिन असे कितीतरी उपसर्ग आहेत. तरी आपण अपुरा, बेशिस्त, गैरसमज, नापसंत, बिनचूक म्हणतो. ‘गैरपसंत’ आणि ‘बेसमज’ म्हणणाऱ्याचे बोलणे समजेल, पण कान टवकारले जातील. थोडक्यात, कुटुंबाची युक्ती ओळखीच्या शब्दांसाठी मोकळ्या हाताने वापरा, बोलताना जपून.

पायरी ५ : शब्द एकटा उचलू नका

या पायरीवर मी रेंगाळणार आहे. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, ऊन लागते. ‘मला दोन वह्या लागतील’ यात गरज आहे. ‘तो रडू लागला’ यात सुरुवात आहे. ‘तो माझा मामा लागतो’ यात नाते आहे. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने कोशात ‘लागणे = स्पर्श होणे’ असे वाचून पाठ केले, तर यांतले किती वाक्य त्याला कळेल? आणि यांतले एकही वाक्य आपल्याला शिकवावे लागले नाही. आपण ‘लागणे’ शिकलोच नव्हतो. आपण ‘भूक लागली’ शिकलो.

शब्द आपापले सोबती निवडून ठेवतात. मराठीत शर्ट घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात, बांगड्या भरतात. हाक मारतात, उडी मारतात, गप्पा मारतात, आणि मार कोणालाच बसत नाही! मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत नेमके उलट: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’. दोन्ही क्रियापदे तुम्हाला पहिल्या दिवसापासून येत असली, तरी जोडी चुकली की अर्थ उलटा होतो.

नेहमीच्या, छोट्या क्रियापदांबाबत विशेष सावध राहा. ब्रिटिश अभ्यासक चार्ल्स ऑग्डन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ नावाची केवळ ८५० शब्दांची इंग्रजी मांडली. तीत क्रियापदे होती फक्त १८. विन्स्टन चर्चिलही या कल्पनेचे चाहते होते. मोह पडावा अशीच कल्पना आहे. पण अठरा क्रियापदांत सगळे जग बसवायचे तर ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांना अप, ऑफ, आउट असली शेपटे लावावी लागतात, आणि प्रत्येक शेपटासरशी अर्थ बदलतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणे, हे कोणत्या तर्काने ओळखायचे? यादी छोटी झाली म्हणून शिकणे छोटे होत नाही, ते यादीतून निघून जोड्यांमध्ये जाऊन बसते.

सोबत्यांच्या पुढची पायरी म्हणजे साचे, आख्खी तयार वाक्ये. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. जात असतो, म्हणतो ‘येतो’. व्याकरण आणि कोश हाताशी असूनही हे कोणाला सुचणार नाही. ऐकून उचलावे लागते. प्रत्येक भाषेत भेटल्यावर, निघताना, आभार मानताना, नकार देताना, वेळ मागून घेताना वापरायचे असे पंचवीस-तीस साचे असतात. ते शब्दशः पाठ करा, फोड करत बसू नका. ‘जरा थांबा, आठवून सांगते’ या अर्थाचा साचा सर्वांत आधी शिका. अडखळताना गप्प बसण्याऐवजी तो म्हटला की संभाषण तुटत नाही.

वाक्प्रचारांची घाई मात्र नको. ‘हातावर तुरी देणे’ यातला प्रत्येक शब्द येऊनही अर्थ लागत नाही, हे खरे. पण नवशिक्याने वाक्प्रचार ओळखण्यापुरते ठेवावेत. अर्धवट शिकलेला वाक्प्रचार फेकला की ऐकणाऱ्याची करमणूक होते.

ज्या भाषांत नामांना लिंग असते, तिथे नाम लिंगासकट उचला. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, ‘डी झोने’, आणि चंद्र पुल्लिंगी, ‘डेअर मोंड’. फ्रेंचमध्ये उलट: सूर्य पुल्लिंगी, चंद्र स्त्रीलिंगी. मराठीत दोघेही पुरुष. तर्काने काही सुटत नाही, म्हणून ‘झोने’ असा शब्द वहीत लिहायचाच नाही, ‘डी झोने’ असाच लिहायचा. मी जर्मन शिकताना पहिले दोन महिने हे टाळले, आणि नंतर तीच दोनशे नामे पुन्हा पहिल्यापासून शिकले.

पायरी ६ : शब्दाचे मूळ गाव विचारा, पण विश्वास बेताने ठेवा

मराठी शब्दांचे उगमानुसार प्रकार आपल्याला ठाऊक असतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम: पुष्प, सूर्य, कवी. रूप बदलून आलेले तद्भव: हस्तचा हात, कर्णचा कान, ग्रामचा गाव. इथलेच मानलेले देशी: झाड, दगड, डोके. आणि परभाषेतून आलेले: फारसी-अरबीतून अर्ज, खुर्ची, हकीकत, पोर्तुगिजांकडून बटाटा, पगार, चावी, कन्नडमधून अडकित्ता, तूप, इंग्रजीतून टेबल, पेन. असे थर बहुतेक भाषांत असतात. जपानीत तर घरचे, चिनी मुळाचे आणि इतर परक्या भाषांतून आलेले, अशी शब्दांची तीन घराणी सरळ वेगळी काढता येतात.

याचा उपयोग काय? जी भाषा तुमच्या भाषेशी नाते सांगते, तिच्यातले शेकडो शब्द फुकट मिळतात. त्यांना ओळखीच्या शब्दांत लगेच जमा करा आणि वेळ दुसरीकडे घाला.

फक्त तोंडवळा सारखा म्हणून अर्थ सारखा धरू नका. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘अवसर’ हा एकच संस्कृत शब्द हिंदीत संधी, कन्नडमध्ये घाई आणि तेलुगूत गरज या अर्थाने नांदतो. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. वाढदिवसाला देऊ नये. अशा फसव्या जोड्यांसाठी वहीत शेवटचे एक पान राखून ठेवा.

पायरी ७ : शब्दाचा सूर ओळखा

पाणी, जल, उदक. कोशात तिघांचा अर्थ एक. तरी पाहुण्याला आपण ‘जल हवे का’ विचारत नाही, आणि ‘जलसंपदा’ची ‘पाणीसंपदा’ करत नाही. ‘वारले’, ‘निधन झाले’, ‘मेला’, ‘गचकला’ यांत घडले ते एकच, पण यातला चुकीचा शब्द चुकीच्या घरात उच्चारला तर व्याकरणाच्या शंभर चुकांपेक्षा ती एक जास्त लक्षात राहते.

सुरुवातीच्या दिवसांत दोन रंगांची खूण पुरेशी आहे: एक औपचारिक शब्दांना, एक मित्रमंडळींतल्या शब्दांना. बिनखुणेचे शब्द कुठेही चालतात, बोलताना आधी तेच घ्या. शिव्या आणि चालू बोली ओळखता याव्यात, वापरायचा मोह आवरावा. त्या शब्दांचे वजन परक्या कानाला कळत नाही.

पायरी ८ : विसरणे गृहीत धरून वही करा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. तासाभरात निम्म्याहून अधिक कमाई उडालेली असे, दिवसानंतर साधारण तिसरा हिस्सा उरे, आणि त्यापुढे गळती मंदावत जाई. अर्थ असलेले शब्द यापेक्षा बरे टिकतात, पण उताराचा आकार तसाच. तेव्हा आज पाठ केलेला शब्द उद्या आठवला नाही तर ते मेंदूचे नेहमीचे वागणे आहे. उपायही त्याच उतारात आहे: पूर्ण विसरण्याआधी आठवून बघायचे, आणि प्रत्येक वेळी मधले अंतर वाढवायचे. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या, मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने.

यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात खणांच्या पेटीची युक्ती लोकप्रिय केली. शब्दांची कार्डे पहिल्या खणात ठेवायची. बरोबर आले ते कार्ड पुढच्या खणात, चुकले ते पुन्हा पहिल्यात. पहिला खण रोज उघडायचा, पुढचे उशिरा उशिरा. २००६ मध्ये आलेले ‘आंकी’ हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम संगणकावर करते. त्याचे नावच जपानीत ‘पाठांतर’ या अर्थाचे आहे. कागदी कार्डेही तितकीच चालतात. स्वतः लिहिलेले कार्ड मला जास्त लक्षात राहते.

पहिल्या पायरीवरचा प्रश्न आता कामाला येतो. नुसता ओळखायचा शब्द असेल तर कार्डावर समोर परका शब्द, मागे मराठी अर्थ. वापरायचा असेल तर उलटे: समोर मराठी, मागे परका शब्द, आणि सोबत एक वाक्य ज्यात त्या शब्दाची जागा रिकामी आहे. बहुतेक लोक फक्त पहिल्या दिशेने सराव करतात आणि बोलता येत नाही म्हणून रडतात.

हट्टी शब्दांसाठी एक जुनी क्लृप्ती: आवाजाने जवळचा मराठी शब्द शोधायचा आणि दोघांचे विचित्र चित्र डोळ्यांपुढे आणायचे. स्पॅनिशमध्ये केसाला ‘पेलो’ म्हणतात. पेल्यात तरंगणारा केस डोळ्यांपुढे आणा. शी वाटले तरी शब्द बसला. अमेरिकेत १९७५ मध्ये रशियन शब्दांवर हा प्रयोग झाला, तेव्हा अशा चित्रांनी शिकणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त शब्द आठवले. पण ही कुबडी आहे, दर शब्दाला लावत बसाल तर दमाल.

आणि ‘डावा’ व ‘उजवा’ एकाच दिवशी शिकू नका. विरुद्धार्थी जोड्या, आठवड्याचे सातही वार, सगळे रंग अशी एकजात यादी दिसायला नीटनेटकी, पण डोक्यात तिचा गुंता होतो. आज ‘डावा’ शिका, तो पक्का झाला की चार दिवसांनी ‘उजवा’.

वहीतल्या नोंदीत एवढे असू द्या: शब्द (लिंगासकट), उच्चाराची खूण, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, एक-दोन सोबती, आणि कडेला ‘ओ’ किंवा ‘वा’: ओळखीचा की वापरायचा. मराठी अर्थ सर्वांत शेवटी, पेन्सिलीने, म्हणजे पुढे पुसता येतो. रोज सात-आठ नव्या नोंदी खूप झाल्या, त्यांपैकी ‘वा’ तीनच.

महिना झाला की वहीतले वीस ‘वा’ शब्द काढा. त्यांकडे एकदा बघा, वही मिटा आणि फोनच्या रेकॉर्डरपुढे दोन मिनिटे बोला. विषय कोणताही, कालचा दिवस कसा गेला हाही चालेल. मग स्वतःचेच बोलणे ऐकत, जे शब्द आपसूक आले त्यांच्यावर बरोबरची खूण करा. जे आलेच नाहीत त्यांच्यापुढचा ‘वा’ खोडून ‘ओ’ करा. आणि बोलताना जिथे जिथे तुम्ही मराठी शब्द घुसडला किंवा ‘अं… अं…’ केले, त्या जागा वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. पुढच्या महिन्याचे पहिले शब्द त्या कागदावरून निवडा.